सिंहासनाच्या पायातला त्रिकोण

महालय अमावास्येच्या संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी रामाच्या सिंहासनाचा पुढचा डावा पाय फाकला. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं. तोवर मी नुसती एक जुनी लग्नपत्रिका होते आणि उरलेल्या पत्रिकांबरोबर चटईवर पालथी पडले होते. आता मी त्याच सिंहासनाच्या पायाशी, आतल्या कोपऱ्यात चिकटवलेला एक त्रिकोण आहे. वरून बघाल तर मी दिसणार नाही. पण बोलतेय ती मीच.

माझा जन्म छापखान्यातला. जाड, गुळगुळीत कार्ड, वर सोनेरी गणपती. मजकूर एका बाजूला तमिळमध्ये, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. फक्त सगळ्यात वर एक ओळ नागरीत होती, 'श्री व्यंकटेश प्रसन्न'. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत ती ओळ लागतेच. वाचता कितीजणांना येते ते विचारू नका.

तिरुवैयारूच्या अनिरुद्धरावांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांच्या घरच्या बायकांनी वाटीत हळद कालवली आणि आम्हा सगळ्यांच्या चारी कोपऱ्यांना बोटाने लावली. घाईघाईत माझ्या कोपऱ्यांना जरा जास्तच लागली. वाळल्यावर तिचा पापुद्रा झाला. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

मग अनिरुद्धराव आणि त्यांची बायको मला घेऊन तंजावूरला रघुरामच्या घरी आले. दाराशीच कुंकवाची डबी उघडली, अक्षता दिल्या, "सगळ्यांनी यायचं, आधीपासून यायचं" म्हणाले आणि कॉफी पिऊन गेले. मला देवापाशी ठेवलं. लग्नाच्या दिवशी पर्समध्ये घालून मंडपापर्यंत नेलं, कारण रघुरामला हॉलचं नाव लक्षात राहत नाही. नंतर माझं काम संपलं.

काम संपलेल्या पत्रिकेचं माणसं काय करतात, हा एक गमतीचाच प्रश्न आहे. ठेवायला जागा नसते आणि टाकायला मन होत नाही. वर देव छापलेला, कोपऱ्याला हळद. केरात कशी टाकणार? रघुरामची बायको मंगला तर फारच भिणारी. तिने मला दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात घातलं आणि गठ्ठा खाटेखाली सरकवला. तिथे कितीतरी लग्नं एकमेकांवर पडून होती. काहींना आता मुलं झाली होती, एकाचा घटस्फोटही झाला होता, पण पत्रिका सगळ्यांच्या सारख्याच पिवळ्या.

मंगलाच्या भिण्याबद्दल थोडं सांगते. तिची मुलगी लावण्या तिसरीत आहे. पोर शिंकली की मंगला कपाळाला हात लावून बघते. शाळेची व्हॅन जरा उशिरा आली की गॅलरीतून रस्ता बघत उभी राहते. पण तिची मोठी काळजी वेगळीच. लावण्याला मराठी सगळं समजतं, पण बोलत नाही. आईने मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर. "जेवलीस का गं?" म्हटलं की "साप्टेन." बापाशी तसंच, शेजारणीशी तसंच. मराठीत ती फक्त अज्जीशी बोलायची, तेही नवरात्रात, कोलूच्या, म्हणजे पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या लावताना.

अज्जी म्हणजे रघुरामची आई, कनकलता. त्या तिरुवैयारूला जुन्या घरात एकट्या राहतात. कोलू त्यांच्याकडे असायचा. पायऱ्यांवर पांढरं कापड, त्यावर बाहुल्या. शेट्टी आणि शेट्टीण, त्यांच्यापुढे तांदूळ-डाळीची दुकानं, लाकडाचे राजा-राणी, मातीची वरात. लावण्या एकेक बाहुली हातात घेऊन अज्जीला विचारायची, "हिचं नाव काय? हिला कुणी दिलं?" आणि बाहुल्यांनाही मराठीतच दटावायची. मंगला दाराआड उभी राहून ऐकायची. वर्षातून नऊ दिवस.

यंदा अज्जींचे गुडघे पार गेले. पायऱ्यांवर चढून मांडणं होईना. त्या बाहुल्यांच्या पेट्या रिक्षात घालून तंजावूरला आल्या आणि मंगलाला म्हणाल्या, "ह्या वर्षी इथे मांडून बघते. जमलं तर राहू दे. नाहीतर रम्या मागते आहेच."

रम्या म्हणजे मोठी सून, बेंगळूरची. तिच्याकडे काचेचं मोठं कपाट आहे. तिचा निरोप होता, "अम्मा, माझ्याकडे धूळसुद्धा लागणार नाही."

मंगला "बरं अम्मा" म्हणाली. पण स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच उभी राहिली. कोलू बेंगळूरला गेला की हे नऊ दिवसही गेले, हे तिला कळत होतं.

पेट्या उघडल्या आणि पहिलंच विघ्न समोर आलं. रामपट्टाभिषेकाची बाहुली मातीची, एकसंध. राम, सीता, तिघे भाऊ, पायाशी मारुती. दोन हातांनी उचलावी लागते. तिचं लाकडी सिंहासन वाळवीने खाल्लं होतं. हात लावला तर भुगाच झाला.

"राम सिंहासनाशिवाय नाही बसवायचा," अज्जी म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंनी नाही बसवला, मी नाही बसवला."

बाजारातली सिंहासनं रघुराम फोनवर दाखवत होता. सगळी छोटी, प्लास्टिकची. त्यांवर मारुतीसुद्धा मावला नसता. तेवढ्यात लावण्या खाटेखाली शिरली आणि आमचा गठ्ठा ओढून घेऊन आली. तमिळमध्ये म्हणाली, शाळेत कार्डाचं घर केलं होतं, तसं सिंहासन करू या.

"पत्रिकांचं?" मंगला घाबरली.

"देवाच्याच पत्रिका आहेत ना," अज्जी म्हणाल्या. "देवाखालीच जातील. कर."

दुसरा दिवस अमावास्येचा, त्या दिवशी एक तरी बाहुली मांडायलाच हवी. मायलेकी कामाला लागल्या. शाई संपलेल्या पेनाने रेघ दाबून ओढायची, मग घडी घालायची, म्हणजे कार्ड फाटत नाही, सरळ वळतं. चार पाय केले, चौकोनी नळीसारखे. वर बसायची पाटी, चार पत्रिका एकावर एक चिकटवून. मागे कमान. प्रत्येक पायाच्या टोकाला बाहेर वळवलेल्या पट्ट्या ठेवल्या, त्या पाटीला खालून चिकटवायच्या.

इथेच गोची झाली. लावण्या कोपरे कातरायला निघाली, तर मंगलाने तिचा हात धरला.

"हळदीला कात्री लावायची नाही गं. अशुभ असतं."

"मग काय करू?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"राहू दे तशीच. ह्या कोपऱ्यांच्याच पट्ट्या करू. शुभ गोष्ट रामाच्या जवळ राहील."

झालं. आमच्यातल्या चार पत्रिकांचे हळदीचे कोपरे बरोबर त्या पट्ट्यांवर आले. गोंद लावला तो हळदीवर. वरून जरीचा कागद, आरसे, मोत्यांची माळ. काय सुंदर दिसत होतं सांगू! मी उरलेल्यांत पडून बघत होते आणि मला हेवा वाटत होता.

अमावास्येच्या संध्याकाळी दिवा लावला. अज्जींनी नमस्कार केला. मंगलाने रामाची बाहुली दोन हातांनी उचलली आणि हळूच सिंहासनावर ठेवली. क्षणभर सगळं ठीक होतं. मग पुढचा डावा पाय बाहेर सरकायला लागला. आवाज काही झाला नाही, नुसती पट्टी सोलत गेली. पाटी कलली.

"आई! राम!" लावण्या ओरडली.

मंगलाने पुढे झेप घेऊन बाहुली पोटाशी धरली, तान्ह्या पोराला धरतात तशी. सिंहासन खाली आडवं झालं. राम वाचला. मंगलाच्या कोपराला पायरीची कड लागली, ते तिला नंतर कळलं.

अज्जी म्हणाल्या, "चौदा वर्षं वनवास करून आला तो. आता सिंहासनावरून पण पडायचं काय त्याने?"

"अम्मा, फुटला नाही. बघा ना. मारुतीचं शेपूटसुद्धा आहे."

"आहे गं. पण माझं काळीज किती वेळा असं उडवणार?" अज्जींनी चष्मा पुसला. "रम्याकडे काचेचं कपाट आहे. दार लावलं की झालं."

मंगलाने मान खाली घातली. अमावास्येची संध्याकाळ, दिव्यासमोर राम पडायला आला, आणि तो तिच्याच हातून ठेवलेला. ती काय काय मनात आणत असेल ते तिच्या बोटांवरून दिसत होतं. पदराचं टोक नुसतं पिळत होती.

लावण्या मात्र खाली बसून तो सुटलेला पाय उलटसुलट करून बघत होती. तिने पाटीखालच्या जागेवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. पट्टीवर बोट फिरवलं, तिथे कोरं कार्ड होतं, हळद नव्हती.

"आई, गोंद हळदीला चिकटला," ती तमिळमध्येच म्हणाली. "हळद पाटीकडे गेली. कार्ड इकडेच राहिलं."

मंगलाने बघितलं. तिला लगेच कळलं आणि चेहरा आणखीच उतरला. "मीच सांगितलं होतं कापू नको म्हणून."

तेव्हा अज्जींनी हात पुढे केला. "कात्री आण."

"अम्मा, हळदीला कात्री?"

"ही ज्या मुलीची पत्रिका, तिचं लग्न होऊन पोरसुद्धा झालं. अजून किती दिवस तिची हळद सांभाळतेस?" आणि त्यांनी स्वतः कचाकच कोपरे कापले. "हे तुळशीत घाल. तुळशीत हळद चालते, तिथे कुणी वर बसत नाही." मंगलाला हसू आलं आणि रडूही. कोपरे ओंजळीत घेऊन ती गॅलरीत गेली.

ती परत आल्यावर अज्जी म्हणाल्या, "आज राम पाटावर बसेल. उद्या कलश मांडायच्या आधी सिंहासन तयार पाहिजे. नसलं तर पेट्या मी बांधून ठेवते."

म्हणजे आता सगळं त्या चार कोपऱ्यांवर आलं.

आणि लावण्याचा हात माझ्याकडे आला. तिने मला उचललं, एका बाजूने वाकवलं, दुसऱ्या बाजूने वाकवलं. कार्डाला आडवं-उभं असतं, बघा. एका दिशेने ते सहज वळतं, दुसऱ्या दिशेने कुरकुरतं. तिने माझी कुरकुरणारी बाजू उभी धरली. माझेही चारी कोपरे गेले. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. मग पेनाची रेघ, घडी, आणि माझे चार दुहेरी त्रिकोण झाले; बोलतेय ती पुढच्या डाव्या पायाशी बसलेली. प्रत्येकाला दोन बाजूंनी अरुंद पट्ट्या. एक पट्टी पायाला चिकटणार, दुसरी पाटीला. पायाला बाहेर फाकायचं असेल तर आधी मला फाडावं लागेल, अशी ती जागा.

पाय आतून पोकळ होते. मंगलाने बाकीच्या पत्रिका घट्ट गुंडाळून त्यांत ठासल्या. गुंडाळीचं टोक पायाच्या तोंडाशी अगदी सपाट आणलं, म्हणजे पाटीचं ओझं गोंदावर लोंबकळत राहणार नाही, सरळ कार्डाच्या कडांवर उभं राहील. पहिल्या वेळी गोंद थापला होता. आता बोटाने पातळ पसरला आणि प्रत्येक जोड कपड्यांच्या चिमट्याने धरला. चिमटे संपले, तर अज्जींनी आपल्या केसांतल्या पिना काढून दिल्या. पायांना खालूनही चारी बाजूंनी एक पट्टी फिरवली, पैंजणासारखी.

"वाळू दे नीट," अज्जी म्हणाल्या. "दर पाच मिनिटांनी बोट लावून बघू नको."

मंगलाने बोट मागे घेतलं.

सकाळी चिमटे निघाले. ह्या वेळी मंगलाने राम नाही आणला. तिने तांदळाचा डबा आणला. सिंहासनावर ठेवला. मी ताणले गेले, पण जागची हलले नाही. मग तिने डब्यावर दोन नारळ ठेवले. मग वरवंटा. मग हाताने हलवून बघितलं, डावीकडे, उजवीकडे. वजन माझ्या अंगावरून पायात उतरताना मला स्पष्ट कळत होतं. हेच माझं काम, आणि ते मला जमत होतं.

"आता काय तू स्वतः बसून बघतेस?" अज्जींनी विचारलं.

"अम्मा, जरा थांबा ना."

"कलशाची वेळ होते आहे गं बाई. आणि तू बसलीस तर राम कुठे बसेल?"

लावण्या खो खो हसली. मंगलाने एकेक करून सगळं उतरवलं आणि राम ठेवला. हात मात्र दोन्ही बाजूंना धरून उभी राहिली, रघुरामने "सोड आता" म्हणेपर्यंत.

नऊ दिवस घरात माणसं येत होती. बायका येतात, हळदीकुंकू घेतात, गाणं म्हणतात, पानातून सुंडल, म्हणजे कडधान्याची सुकी उसळ, घेऊन जातात. बघणं सगळ्यांचं वेगवेगळं. कुणी बाहुल्या बघतं, कुणी रेशमी साडी, कुणी फोनमध्ये फोटो काढून तोच बघतं. कोपऱ्याखाली वाकून कुणी बघत नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. मंगला मात्र रोज सकाळी फुलं बदलताना वाकून मला बघायची, बोटाने हलकेच दाबायची. पोराच्या कपाळाला हात लावते, अगदी तशी.

सरस्वतीपूजनाच्या दिवशी मेलवीधी रस्त्यावरच्या एक मराठी मावशी आल्या. मोठ्या आवाजाच्या. सिंहासनाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे पुठ्ठ्याचं काय गं मंगला? एवढा जड राम ह्याच्यावर? पडला म्हणजे?"

मंगलाने तोंड उघडलं, पण त्याआधीच लावण्या पायरीपाशी पोटावर आडवी झाली.

"नाही पडत मावशी. इकडे या. खालून बघा. हा त्रिकोण आहे ना, हा पायाला बाहेर जाऊ देत नाही. पायाच्या पोटात पण कागद भरला आहे. आधी पडलेला. मग आम्ही नीट केलं. मी, आईने आणि अज्जीने."

सगळं मराठीत. एकही शब्द मध्ये अडला नाही. तेही बाहुलीशी नाही, अज्जीशी नाही, परक्या बाईशी.

मावशी खरोखरच गुडघ्यावर वाकल्या. त्यांना उठायला मग दोघींनी हात दिला. "पोर गोड बोलते गं," त्या म्हणाल्या. "शाळेत मराठी आहे काय?"

"नाही," मंगला म्हणाली. एवढंच. तिच्या हातातलं सुंडलचं भांडं जरा कललं होतं. अज्जी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी ते सरळ केलं आणि मंगलाकडे बघितलं.

विजयादशमीच्या रात्री कोलू संपल्याची खूण म्हणून एक बाहुली आडवी झोपवली, आरती झाली. दुसऱ्या दिवशी बाहुल्या जुन्या मऊ साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून पेट्यांत गेल्या. पेट्यांना दोरी बांधून झाली, तेव्हा अज्जी म्हणाल्या, "रम्याला फोन लाव."

मंगलाने फोन लावून दिला.

"रम्या? हां, सगळं छान झालं. ऐक मा, तुझ्या त्या काचेच्या कपाटात तू चांदीची भांडी ठेव. शोभतील. कोलू इथेच राहतो." पलीकडून बराच वेळ काही बोलणं आलं. अज्जी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "धूळ लागेल गं, लागू दे. पुसायला इथे माणसं आहेत. पुढच्या वर्षी तूच ये नऊ दिवस. लावण्या सांगेल तुला कुठली बाहुली कुणाची."

फोन ठेवून त्यांनी मंगलाला विचारलं, "पेट्या ठेवणार कुठे? की त्या पण खाटेखाली?"

मंगला पेट्यांसाठी जागा करायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

आता मी कपाटाच्या वर आहे. सिंहासनावर जुनी उशीची खोळ घातली आहे, आत कडुलिंबाची वाळलेली पानं आणि कापूर आहे. ओझं कुणाचं नाही. आमच्याकडचा मोठा पाऊस दसऱ्यानंतरचा, तो आता सुरू होईल. ह्या दिवसांत भिंतींना ओल येते, मीठसुद्धा पाणी सोडतं. मी कागद आहे, ओल मला लागणारच. एखाद्या कोपऱ्यात गोंद सुटेल. मंगला अधूनमधून स्टुलावर चढून खोळ उचलते आणि कोपरे दाबून बघते, म्हणून मला तशी भीती नाही. पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा त्रिकोण लागला तरी चालेल. राम नीट बसला पाहिजे आणि लावण्याने खाली आडवं होऊन कुणाला तरी दाखवलं पाहिजे.

तुम्हाला एकच सांगायचं आहे. कुणी मुलांबरोबर कागदाचं घर करत असेल, पूल, रथ, देवघर, काहीही करत असेल, तर त्यांना म्हणावं, जरी आणि आरसे मागून लावा. आधी उलटं करून खालून बघा. जिथे पाय आणि पाटी भेटतात तिथे हाताला काही लागत असेल, हळद, धूळ, तेल, ते साफ करा. आतल्या कोपऱ्यात एक दुहेरी त्रिकोण बसवा, पाय पोकळ ठेवू नका, आणि मोलाची वस्तू ठेवण्याआधी तांदळाचा डबा ठेवून बघा. मी कपाटावरून किती जणांना सांगणार? तुम्ही सांगा. ज्यांना सांगाल, त्यांनाही म्हणावं, पुढे आणखी कुणाला तरी सांगा.